समलिंगी प्रेमकथांची कॉमिक्स : मर्जी, नाती आणि देहविक्रय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात आमचा एक छोटा वाचनगट आहे. राजारामपुरीत एकाच्या घरी रविवारी जमतो, चहा होतो, आणि पुरुष-पुरुष प्रेमाची कॉमिक्स हा विषय निघाला की दर नव्या माणसाकडून तेच प्रश्न येतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ही यादी. उत्तरं माझी आहेत. गटातले सगळे ती मान्य करतात असं समजू नका, दोघं-तिघं तर प्रत्येक उत्तरावर भांडतात. आणि हो, हा मजकूर अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे.

ही कॉमिक्स म्हणजे नेमकी कोणती? सगळी जपानीच का?

बरीचशी जपानी, पण सगळी नाहीत. १९७० च्या दशकात जपानमध्ये तरुण स्त्री-चित्रकारांची एक पिढी मुलींच्या मासिकांत दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या कथा काढू लागली. केइको ताकेमिया आणि मोतो हागिओ ही त्यातली मोठी नावं. १९७८ मध्ये याच विषयाला वाहिलेलं एक मासिक निघालं, पुढे ते ‘जुने’ (June) या नावाने गाजलं. त्याच सुमाराला हौशी मुली स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून विकत होत्या. या सगळ्यातून जो प्रकार तयार झाला त्याला आज जगभर बीएल, म्हणजे बॉइज लव्ह म्हणतात. नंतर कोरियातून वेबटून आले, फोनवर बोटाने खाली सरकवत वाचायचे. आमच्या गटातली निम्मी मंडळी आता तेच वाचतात.

दुसरा प्रवाह समलिंगी पुरुषांनी स्वतःसाठी काढलेल्या कॉमिक्सचा. ‘बाराझोकु’ हे जपानमधलं समलिंगी पुरुषांचं मासिक १९७१ पासूनचं. अशा मासिकांच्या पानांतून गेंगोरोह तागामेसारखे चित्रकार पुढे आले. आणि तिसरा प्रवाह इंग्रजी वेबकॉमिक्सचा, तो बराच सौम्य आणि शाळा-कॉलेजातल्या वातावरणाचा.

आपल्याकडे यातलं दुकानात जवळजवळ काही मिळत नाही. जे वाचन आहे ते मोबाइलवर, केएमटी बसच्या मागच्या सीटवर, स्क्रीनचा उजेड कमी करून.

या कथांत जबरदस्तीचे प्रसंग इतके का असतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो यायलाच हवा. कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कारण जुनं आहे. सत्तरच्या दशकातली जपानी शाळकरी मुलगी प्रेमकथा वाचत होती तेव्हा कथेतल्या नायिकेला शरीराची ओढ असणं म्हणजे बदनामी. लेखिकांनी युक्ती काढली. गोष्ट दोन मुलग्यांवर ढकलली, म्हणजे वाचणारीच्या अंगाला काही चिकटत नाही. तरीही ओढ कबूल करायची लाज उरलीच. मग एकाने दुसऱ्यावर झडप घालायची, आणि दुसऱ्याने ‘माझा काही दोष नाही’ म्हणत त्यात ओढलं जायचं. सुख मिळतं, दोष लागत नाही. त्या काळात ही पळवाट होती. पुढे पन्नास वर्षं तीच पळवाट हमरस्ता होऊन बसली.

दुसरं कारण धंद्याचं. आठवड्याला एक भाग टाकायचा, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला पुढच्या भागाचे पैसे भरायला लावायचे. दोन माणसं हळूहळू एकमेकांना ओळखतात यात असं अडकवण्यासारखं काही नसतं. भिंतीला टेकवलेला माणूस, बंद झालेलं दार, यात असतं.

तिसरं कारण आपल्याला परकं वाटायला नको. आवेग आवरत नाही म्हणजेच प्रेम खरं, ही समजूत. कोल्हापूर ही मराठी सिनेमाची जुनी पंढरी. इथल्या स्टुडिओंत काय काय चित्रित झालं ते आपल्या आज्या-पणज्यांनी थेटरात बसून पाहिलं आहे. नायिकेची वाट अडवायची, मनगट धरायचं, ती रागावली की गाणं म्हणायचं, गाणं संपेपर्यंत ती हसलेली. त्यामुळे ‘जपानी लोक विकृत’ असं कुणी म्हणालं की मला त्याच्या घरच्या सीडींचं कपाट बघावंसं वाटतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यात फरक पडला आहे. नवे चित्रकार जवळीक सुरू होण्याआधी विचारणं दाखवतात, थांबणं दाखवतात. ॲलिस ओसमन यांच्या ‘हार्टस्टॉपर’मध्ये, जे २०१६ पासून आधी वेबवर आलं, एक मुलगा दुसऱ्याचं जबरदस्तीने चुंबन घेतो, आणि कथा ते सरळ चूक म्हणून दाखवते. चूक करणारा मुलगा देखणा आहे म्हणून त्याला माफी मिळत नाही.

मग जबरदस्ती दाखवणारं कॉमिक वाचायचंच नाही का?

वाचा की. जबरदस्ती जगात आहे, तर कथेत येणारच. मी एवढंच पाहतो की कॉमिकला आपण काय दाखवतोय हे कळलेलं आहे का.

हे पानावरच कळतं. एक पान डोळ्यांसमोर आणा. पहिल्या चौकटीत मनगट धरलेला हात. दुसरीत ‘नको’ म्हणणाऱ्याचं तोंड, पण डोळ्यांवर केस आलेले, म्हणजे नजर दिसतच नाही. तिसऱ्या चौकटीत मागे फुलं उमललेली आणि अक्षरं वळणदार. चौथीत सकाळ, दोघं एकाच कपातून कॉफी पितायत. इथे चित्रकाराने ‘नको’ म्हणणाऱ्याचा चेहरा काढून घेतला आहे. त्याला काय वाटलं हे आपल्याला कळू नये अशीच चौकटींची मांडणी आहे. रात्र आणि सकाळ यांच्या मधली सगळी जागा गाळली, त्यामुळे काही झालंच नाही.

आता तोच प्रसंग दुसऱ्या हाताने काढलेला. मनगट आहेच. पण दुसऱ्या चौकटीत डोळे दिसतात आणि ते दाराच्या कडीकडे बघतायत. तिसरी चौकट पूर्ण काळी. नंतरच्या दोन पानांवर तो शर्टाची बटणं लावतोय आणि प्रत्येक बटण चुकीच्या काजात जातंय. आणि दहा भागांनंतर कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर तो दचकतो. म्हणजे कथेच्या लक्षात आहे.

गटात नव्या माणसाला मी एवढंच सांगतो. कोणाचे डोळे दिसतात ते बघ, आणि घडलेलं कथेच्या लक्षात राहतंय का ते बघ. बाकी परीक्षणं वाचायची गरज पडत नाही.

चांगलं उदाहरण हवं असेल तर अकिमी योशिदा यांचं ‘बनाना फिश’ (१९८५ ते १९९४). त्यातल्या ॲशचं लहानपणापासून शोषण झालेलं आहे, आणि हजारो पानांत एकदाही त्या शोषणाला प्रेमाचा रंग दिलेला नाही. प्रेम आहे ते वेगळ्याच माणसाशी, आणि त्यात कुणी कुणावर हात टाकत नाही.

‘नको नको म्हणतो, पण शेवटी त्यालाही आवडतंच की!’

कथेत आवडतं, कारण लेखकाने तसं लिहिलं. खऱ्या शरीराचं गणित वेगळं. भीतीतही, इच्छा नसतानाही शरीर प्रतिसाद देऊ शकतं, पुरुषाचंसुद्धा. त्यावरून मर्जी होती असं ठरत नाही. याच गैरसमजामुळे अत्याचार झालेले कितीतरी पुरुष स्वतःलाच दोष देत बसतात आणि कुणाजवळ बोलत नाहीत. हे कॉमिक वाचून झाल्यावरही डोक्यात राहू द्या.

एक नेहमी ‘करणारा’ आणि एक नेहमी ‘सोसणारा’, खरंच असं असतं का?

कॉमिक्समध्ये उंच, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा तो एक, बुटका, मोठ्या डोळ्यांचा आणि लाजरा तो दुसरा. पहिल्या पानावरच भूमिका ठरलेल्या. आपल्याकडच्या समाजातही पंथी-कोती, म्हणजे ‘करणारा’ आणि ‘सोसणारा’, अशी वाटणी काही ठिकाणी चालते, त्यामुळे हे अगदीच आकाशातून पडलेलं नाही. पण कितीतरी जोडप्यांत भूमिका बदलतात, कितीतरी जणांना तसलं काहीच करायचं नसतं. उंचीवरून तर काहीच कळत नाही. पुढचा प्रश्न.

साहेब आणि हाताखालचा, मालक आणि भाडेकरू, सावकार आणि कर्जदार... या जोड्या एवढ्या का आवडतात?

कारण श्रीमंत माणूस आपल्यासाठी वेडा होतो ही कल्पना गोड आहे. कंपनीचा तरुण मालक, काचेची बत्तीस मजली इमारत, आणि नव्याने लागलेला गोंधळलेला पोरगा. मालक त्याला रात्री दहापर्यंत थांबवतो, गाडीने घरी सोडतो, तिसऱ्या भागात त्याचं घरभाडंही भरून टाकतो.

ही गोष्ट शिरोलीच्या एमआयडीसीत आणून बघा. फौंड्रीत कंत्राटावर लागलेला बावीस वर्षांचा मुलगा, आणि त्याची हजेरी मांडणारा सुपरवायझर. सुपरवायझर म्हणतो, रात्री थांब. मुलाने ‘नाही’ म्हटलं तर उद्या गेटवर त्याचं नाव यादीत नसेल, हे दोघांनाही माहीत आहे. आता त्याच्या ‘हो’ला काय किंमत? काचेची इमारत आणि महागडा सूट काढून घेतला की बीएलमधल्या निम्म्या प्रेमकथा अशाच उरतात.

अशी नाती खोटीच असतात असं माझं म्हणणं नाही. खरी माणसं कामाच्या जागीच भेटतात. पण चांगल्या कॉमिकमध्ये वरचा माणूस आपली पकड आधी सोडतो. बदली मागतो, कर्जाचा कागद फाडतो, किल्ली परत देतो, आणि मग विचारतो. वाईट कॉमिकमध्ये तो कर्ज माफ करतो पण बदल्यात माणूस ठेवून घेतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

ईर्ष्येचंही तसंच. फोन तपासणं, मित्रांना भेटू न देणं, कपड्यांवरून टोकणं, हे सगळं ‘किती जीव लावतो बघ’ या नावाखाली खपतं. आमच्या गटातल्या एका मावशींनी, म्हणजे वयाने मावशी, वाचनात आमच्या दोन पावलं पुढे, एकदा असं कॉमिक अर्ध्यात मिटलं आणि म्हणाल्या, ‘हा तर माझा नवरा. मी आयुष्यभर वाचला, आता पैसे देऊन कशाला वाचू?’

देहविक्रय करणारा नायक या कॉमिक्समध्ये कसा दिसतो?

इथे जरा थांबून बोलू.

साधारण तीन साचे आहेत. पहिला, विकला गेलेला मुलगा. बापाचं कर्ज, गुंडांची टोळी, आणि पोरगा तारण म्हणून ठेवलेला. याचं मूळ पार मागे जातं. ताकेमिया यांच्या ‘काझे तो की नो उता’ (१९७६ ते १९८४) या गाजलेल्या मालिकेत झिलबेर हा मुलगा लहानपणापासून घरच्याच माणसाच्या अत्याचाराखाली वाढतो, आणि शेवटी पॅरिसमध्ये अफू आणि देहविक्रय यांच्या तावडीत सापडून मरतो. ती मालिका त्या मुलाच्या बाजूने उभी आहे. नंतर आलेल्या नकलांनी त्यातली व्यथा घेतली, राग टाकून दिला.

दुसरा साचा रात्रीच्या क्लबातल्या किंवा फोनवरून बोलावल्या जाणाऱ्या देखण्या तरुणाचा. हा हसतो, बोलतो, गिऱ्हाइकाला खूश करतो, आत मात्र पोकळ. तिसरा साचा नवा आहे, कॅमेऱ्यासमोर बसून कमावणाऱ्याचा.

तिघांचाही शेवट बहुधा एकच. एक गिऱ्हाईक प्रेमात पडतं. ते इतर गिऱ्हाइकांसारखं नसतं. ते पैसे भरून त्याला सोडवतं, आणि शेवटच्या भागात नायक ॲप्रन बांधून स्वयंपाक करताना दिसतो. आता हा कमावणार काय, घरी पैसे कोण पाठवणार, त्याच्यासोबत काम करणारे जुने मित्र कुठे गेले, हे विचारायचं नाही. आपल्या तमाशापटांनी नाचणाऱ्या बाईचं हेच केलं. फडावरून उतरवून घरात बसवली की ती सुखी, असं गृहीत धरलं.

पण या कॉमिक्समध्ये मला एक गंमत वर्षानुवर्षं दिसते आहे, आणि ही यादी लिहायला घेतली ती खरं तर तेवढ्यासाठी. मर्जीचं सगळ्यात स्पष्ट बोलणं या कथांत प्रेमिकांमध्ये होत नाही. ते होतं दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाशी. किती वेळ, किती पैसे, काय चालेल, काय चालणार नाही, तोंडाचं चुंबन नाही, फोटो नाही, पैसे आधी. व्यवहार आहे म्हणून बोलावंच लागतं. नंतर तेच गिऱ्हाईक प्रियकर होतं, पैसे थांबतात, आणि पैशांबरोबर विचारणंही थांबतं. आता तो ‘आपला’ झाला ना. ज्या माणसाला पाचव्या भागात ‘हे चालणार नाही’ म्हणता येत होतं, त्याला पंचविसाव्या भागात ते म्हणता येत नाही, आणि लेखक याला सुटका म्हणतो.

पुढच्या वेळी असं कॉमिक हातात आलं तर ही जागा शोधून बघा. ज्या थोड्या लेखकांना हे कळलं आहे त्यांच्या कथेत जुने नियम प्रेमातही टिकतात. तो काम सोडतो किंवा सोडत नाही, पण ‘नाही’ म्हणायचा हक्क कुणाकडे गहाण ठेवत नाही.

आपल्या भागात याबद्दल वेगळं काही दिसतं का?

दिसतं, आणि ते कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुरुष आणि तृतीयपंथी देहविक्रेत्यांचा ‘मुस्कान’ हा गटही तिथलाच. एड्सच्या भीतीच्या काळात या बायकांनी स्वतः गल्लोगल्ली निरोध वाटले, पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध बोलल्या, आणि उद्धार करायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, अशा अर्थाची घोषणा दिली. कॉमिकमधल्या सोडवणाऱ्या नायकाला त्यांच्यासमोर उभं करून बघावंसं वाटतं मला. चहा मिळेल, पण आधी प्रश्न विचारले जातील.

दुसरी बाजूही आपल्याच मातीतली आहे. देवाला सोडलेल्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये कायदा केला, तो याचसाठी. म्हणजे लहान वयात दिलं गेलेलं माणूस आणि प्रौढपणी स्वतः ठरवलेलं काम यांतला फरक या जिल्ह्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. कॉमिक्स मात्र दोन्हींना एकाच दुःखी पार्श्वसंगीतात बुडवतात.

कायद्याचं थोडक्यात. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने देहविक्रय करणं हा गुन्हा ठरत नाही. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, हे गुन्हे आहेत. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सांगितलं की या व्यक्तींनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, छाप्यात त्यांना अटक करून छळू नये, आणि निरोध सापडले म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये.

कथेतली पात्रं शाळकरी असतील तर?

प्रेमकथा असू शकते, हात धरणं, पत्र, पावसात एका छत्रीत जाणं. लैंगिक दृश्यं असतील तर बंद करा, पुढे पाठवू नका, साठवू नका. अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत कायदा संमती हा प्रश्नच विचारत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलांसारखी दिसणारी, तयार केलेली चित्रंही येतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब अशा मजकुराबाबत कडक आहे. ‘तो दिसतो लहान पण वय तीनशे वर्षं’ हा युक्तिवाद आमच्या गटात चालत नाही. यावर चर्चा होत नाही.

भारतात समलिंगी संबंध आता गुन्हा नाही ना? मग भीती कशाची?

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. लग्नाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही.

एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात ३७७ सारखं कलमच ठेवलेलं नाही. आधी संमतीशिवायच्या संबंधांसाठी ते उरलं होतं. बलात्काराची व्याख्या अजूनही स्त्रीवरच्या अत्याचारापुरती आहे. त्यामुळे प्रौढ पुरुषावर पुरुषाने लैंगिक अत्याचार केला तर त्यासाठी वेगळं, नेमकं कलम आज नाही. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशा कलमांखाली तक्रार करावी लागते. म्हणून कॉमिकमधल्या ‘पहिल्या रात्री’वर कुणी हसलं की मला हसू येत नाही.

डेटिंग ॲपवरून बोलावून लुटणं, व्हिडिओ काढून पैसे उकळणं, हे प्रकार वाढलेत. ती खंडणी आहे, आणि त्यात गुन्हेगार तुम्ही नाही. पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा.

मुलीच जास्त का वाचतात?

कारण या कथांत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. नेहमीच्या प्रेमकथेत नायिकेच्या जागी स्वतःला ठेवावं लागतं, तिचं वजन, तिचा रंग, तिचं लग्न, सगळं अंगावर येतं. इथे दोन पुरुष आहेत, त्यामुळे वाचणारी कधी याच्या बाजूला, कधी त्याच्या. शिवाय पुरुष रडतो, घाबरतो, विनवतो, हे दुसरीकडे फारसं बघायला मिळत नाही. आमच्या गटातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, यात सासू नसते.’

समलिंगी पुरुषांना याचा राग येत नाही का?

येतो. मला अधूनमधून येतो. १९९२ मध्ये जपानमध्ये मासाकी सातो नावाच्या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत याच विषयावर झणझणीत लिहिलं. आमच्या आयुष्याची नुसती करमणूक करता, देखण्यांनाच जागा देता, आमच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, असा सूर. त्यावरचा वाद पुढे काही वर्षं चालला, आणि त्या वादातून कितीतरी लेखिका जाग्या झाल्या असं म्हणतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला जबरदस्तीपेक्षा एकटेपणाचा राग येतो. या कथांतल्या जोडप्यांना मित्र नसतात, बहीण नसते, शेजारी नसतो, घरची जत्रा नसते. तागामे यांचं ‘ओतोतो नो ओत्तो’ (२०१४ ते २०१७) मला म्हणूनच जवळचं. मेलेल्या जुळ्या भावाचा कॅनेडियन नवरा माइक घरी राहायला येतो, आणि याइची हा एकट्याने मुलगी वाढवणारा बाप त्याच्याशी कसं वागायचं ते हळूहळू शिकतो. छोट्या मुलीला लगेच कळतं, बापाला चार खंड लागतात. आपल्या वाड्यात असाच पाहुणा आला तर कोण कुठल्या खोलीत झोपणार यावर किती दिवस खलबतं चालतील, विचार करा.

निरोध कधीच का दिसत नाही?

दृश्य ‘मोडतं’ म्हणून. वंगणही दिसत नाही, तयारीही नाही, दुखणं नाही. या बाबतीत कॉमिकवर अजिबात विसंबू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गुप्त होते, समुपदेशक असतो. धोक्याचा प्रसंग घडलाच तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं.

मराठीत यातलं काय आहे?

चित्रकथेत फार थोडं. नाटक-कादंबरीत मात्र आपण मागे नव्हतो. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची, आणि बिंदुमाधव खिरे यांचं लेखन तर पुण्यात राहून थेट या प्रश्नांवर केलेलं. बीएलवरून थेट या पुस्तकांकडे आलेल्या पोरांना सुरुवातीला चुकल्यासारखं होतं, कारण इथे घरं आहेत, घरात माणसं आहेत, आणि ती दार न वाजवता आत येतात.

माझ्या मुलीच्या फोनवर अशी कॉमिक्स सापडली. काय करू?

फोन काढून घेऊ नका, ती दुसरीकडे वाचेल. तिचं वय पंधरा असेल आणि चित्रं उघडी असतील तर ती तिच्यासाठी नाहीत हे स्पष्ट सांगा, न ओरडता. मोठी असेल तर तिलाच विचारा, यातलं कुठलं पात्र तुला आवडतं आणि का. उत्तर ऐकून तुम्हाला तिच्याबद्दल बरंच कळेल. हे वाचल्याने कुणी समलिंगी होत नाही. मुलगा असेल आणि तो तसा असेल, तर कॉमिकने त्याला बनवलं नाही, कदाचित सोबत केली. कुणाला फारच घुसमट होत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मला स्वतःच असं कॉमिक काढायचंय. कोल्हापुरातलं. कुठून सुरू करू?

कला महाविद्यालयातली पोरं हे विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं. पात्रांची वयं पहिल्या चार पानांत कळू द्या. दोघांच्या खिशात किती पैसे आहेत ते ठरवा, कारण खोली कुठे मिळणार हे त्यावर आहे. स्टँडजवळच्या लॉजवर दोघांची आधार कार्डं मागतील, काउंटरवरचा माणूस पत्ता बघून ‘गावातलेच की तुम्ही’ म्हणेल. हे पान सोडू नका, यात अख्खी कथा आहे. एकाची शेवटची गारगोटी एसटी कधी सुटते हे दुसऱ्याला माहीत असू द्या. ती चुकली तर ‘आता थांबावंच लागेल’ असं त्याला वाटू नये म्हणून तो काय करतो, मित्राची बाइक मागतो का, ते काढा.

आणि देहविक्रय करणारं पात्र घेणार असाल तर त्याला आजारी आई देऊ नका. ती सगळ्यांनी दिली आहे. त्याला एक मैत्रीण द्या, जी त्याच धंद्यात आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त कमावते. तिला विनोद करू द्या. मसुदा झाला की रविवारी घेऊन या, मावशी वाचून सांगतील.